तालुक्याच्या गावात बसून विद्यापीठात ऑनलाइन शिकवायचं तर

"मॅडम, तुम्ही दिसून राहिल्या, पण आवाज नाही येऊन राहिला."

माझ्या पहिल्या ऑनलाइन तासाला हे वाक्य मी किमान सात वेळा ऐकलं. बोलणारा मुलगा वावराच्या धुऱ्यावर निंबाखाली उभा होता. रेंज तिथेच मिळायची, आणि मागे सोयाबीनची सोंगणी चालली होती. मी चौतीस स्लाइड तयार करून बसले होते. त्यातल्या चारही त्याच्यापर्यंत पोचल्या नसतील.

यवतमाळ जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी मी अर्थशास्त्र शिकवते. तासिका तत्त्वावर, म्हणजे आपल्या भाषेत 'सीएचबी'वर, बरीच वर्षं काढली. मुक्त विद्यापीठाची समंत्रक, म्हणजे अभ्यासकेंद्रावर विद्यार्थ्यांना मार्गदर्शन करणारी शिक्षक, म्हणून काम करता करता ऑनलाइन अध्यापनात शिरले, आणि आता वर्षाच्या कमाईचा मोठा भाग त्यातूनच येतो. नेट-सेट होऊन घरी बसलेले किंवा दर जूनमध्ये नेमणुकीच्या पत्राची वाट पाहणारे बरेच जण मला विचारतात की सुरुवात कुठून करायची. त्यांच्यासाठी हे लिहिते आहे.

आधी कामाचे प्रकार ओळखा

ऑनलाइन शिकवणं म्हटलं की लोकांच्या डोळ्यांपुढे कॅमेरा येतो. माझ्या आठवड्यात कॅमेऱ्यापुढचे तास चार असतील, तर लिहिणं, तपासणं आणि शंकांना उत्तरं देणं याचे वीस. ज्याला लिहिण्याचा आणि वह्या तपासण्याचा कंटाळा आहे, त्याने या वाटेला न गेलेलं बरं.

सगळ्यात सोपा दरवाजा मुक्त विद्यापीठांचा. नाशिकचं यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ १९८९ पासून आहे आणि त्याची विभागीय केंद्रं नागपूर-अमरावतीत आहेत. दिल्लीच्या इग्नूची स्थापना १९८५ ची, तिचंही प्रादेशिक केंद्र नागपुरात आहे. या दोन्हींची अभ्यासकेंद्रं तालुक्यातल्या महाविद्यालयांतून चालतात. तिथे समंत्रकाचं, स्वाध्याय तपासण्याचं आणि पुढे स्वयं-अध्ययन साहित्य लिहिण्याचं काम मिळतं. मानधन फार नसतं. पण साहित्याच्या एका घटकावर लेखक म्हणून तुमचं नाव छापून आलं, की पुढच्या दहा अर्जांना ते पुरतं.

दुसरा दरवाजा 'स्वयं'चा. केंद्र सरकारचं हे ऑनलाइन अभ्यासक्रमांचं व्यासपीठ ९ जुलै २०१७ ला सुरू झालं. २०२१ च्या नियमांप्रमाणे एखाद्या सत्रातल्या अभ्यासक्रमांपैकी ४० टक्क्यांपर्यंत अभ्यासक्रम विद्यार्थी 'स्वयं'वरून करू शकतो आणि त्याचे क्रेडिट, म्हणजे श्रेयांक, त्याच्या विद्यापीठात जमा होतात. तिथला अभ्यासक्रम समन्वयक बहुतेक वेळा एखाद्या मोठ्या संस्थेतला पूर्णवेळ प्राध्यापक असतो. पण त्याच्या हाताखाली आशय लिहिणारे, प्रश्न काढणारे आणि चर्चामंचावर उत्तरं देणारे लागतात. आपली जागा आधी तिथे.

तिसरा दरवाजा पूर्ण ऑनलाइन पदवी देणाऱ्या विद्यापीठांचा. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२० च्या नियमावलीत अशा अभ्यासक्रमांसाठी दर २५० विद्यार्थ्यांमागे एक कोर्स मेंटॉर ठेवायला सांगितलं आहे. हे पद तालुक्यात राहून सांभाळता येतं. मात्र विषय बघा. अभियांत्रिकी, वैद्यकीय, औषधनिर्माण, कायदा, शेती या विषयांच्या पदव्या ऑनलाइन देता येत नाहीत आणि पीएच.डी.ही नाही. मराठी, अर्थशास्त्र, वाणिज्य, इतिहास, गणित, संगणक या विषयवाल्यांना वाव आहे.

चौथा प्रकार खासगी शिकवणी कंपन्यांचा. तिथे पैसा लवकर दिसतो. पण ते विद्यापीठीय अध्यापनाच्या अनुभवात धरलं जाईलच असं नाही, म्हणून त्याच्या भरवशावर बाकीची दारं लावून घेऊ नका.

कोणत्याही विद्यापीठाला होकार देण्यापूर्वी आयोगाच्या दूरशिक्षण विभागाच्या संकेतस्थळावर त्याचं नाव, तो अभ्यासक्रम आणि ते शैक्षणिक वर्ष तपासा. मान्यता संस्थेला सरसकट नसते, अभ्यासक्रमागणिक असते. बनावट विद्यापीठांची यादी आयोग वेळोवेळी जाहीर करतो, तीही वाचा. फ्लेक्सवर 'यूजीसी मान्य' छापायला कुणाच्या बापाची परवानगी लागत नाही.

पहिलं सत्र विद्यार्थी म्हणून काढा

हा सल्ला ऐकून बहुतेकांचं तोंड वाकडं होतं. पण शिकवण्याआधी 'स्वयं'वर किंवा एनपीटीईएलवर एक अभ्यासक्रम पूर्ण करा, परीक्षेसकट. आयआयटी आणि आयआयएस्सी यांनी मिळून उभं केलेलं एनपीटीईएल हे ऑनलाइन अभ्यासक्रमांचं व्यासपीठ २००३ पासून चालू आहे आणि त्याची घडी पक्की बसलेली आहे. बारा आठवड्यांच्या अभ्यासक्रमाचे तीन क्रेडिट. दर आठवड्याच्या स्वाध्यायांपैकी उत्तम आठ धरून २५ गुण, आणि केंद्रावर जाऊन द्यायच्या परीक्षेचे ७५. प्रमाणपत्रासाठी २५ पैकी १० आणि ७५ पैकी ३० अशी दोन्ही रेषा वेगवेगळी पार करावी लागते.

मी असा एक अभ्यासक्रम केला तेव्हा चौथ्या आठवड्यातच ढेपाळले. घरी तुरीची गडबड, स्वाध्यायाची तारीख हुकली आणि वाटलं, जाऊ दे. पोरं अभ्यासक्रम अर्ध्यात का सोडतात हे मला तिथे उमगलं. आता चौथ्या आठवड्यात मी नवा आशय निम्मा करते आणि मागे पडलेल्यांना एकेक करून फोन लावते.

तुमच्या महाविद्यालयात एनपीटीईएलचं लोकल चॅप्टर, म्हणजे स्थानिक केंद्र, असेल तर तिथल्या विद्यार्थ्यांचे मार्गदर्शक व्हा. नसेल तर प्राचार्यांना ते सुरू करायला सांगा. सीएचबीवाल्याचं ऐकतील का, हा प्रश्न रास्त आहे. काम आयतं करून देणार असाल तर बहुधा ऐकतात.

वीज, रेंज आणि कूलर

शहरातले मार्गदर्शक इथे कॅमेऱ्यापासून सुरुवात करतात. आपण लाईनपासून करू.

लाईन गेली तरी लॅपटॉप स्वतःच्या बॅटरीवर दोन-तीन तास चालतो. आधी मरतो तो राउटर. बहुतेक राउटर १२ व्होल्टवर चालतात आणि त्यांच्यासाठी छोटा वेगळा यूपीएस मिळतो. इन्व्हर्टरचा विचार त्यानंतर. तार जोडण्याआधी अडॅप्टरवरचा व्होल्ट आणि अँपिअरचा आकडा वाचून घ्या. गावात फायबर आलं असेल तर आधी तेच घ्या. सोबत मोबाइलची दोन सिमं ठेवा, पण त्यात एक गोम आहे. दोन कंपन्या पुष्कळदा एकाच टॉवरवर असतात. टॉवरची बॅटरी उतरली की दोन्ही सिमं एकदमच मुकी होतात. लाईन जाऊन तीन तास झाल्यावर कोणतं सिम जिवंत राहतं, हे एकदा पाहून ठेवा. दुकानदाराला विचारून ते कळत नाही.

आता विद्यार्थ्याच्या बाजूचा हिशेब. थेट तासाचा व्हिडिओ साधारण एक एमबीपीएसने चालला तर तासाला ४५० एमबी जातात. ज्याचा रोजचा पॅक दीड जीबीचा, त्याचा तीन तासांत चक्काजाम. तेच तुम्ही बारा मिनिटांचा आवाज ३२ केबीपीएसवर ध्वनिमुद्रित केला, तर फाईल जेमतेम ३ एमबीची होते. बारा मिनिटांचा मध्यम दर्जाचा व्हिडिओ केला तर तो ४५ एमबीच्या आसपास जातो. म्हणून माझा प्रत्येक घटक तीन रूपांत असतो: व्हिडिओ, निव्वळ आवाज आणि दोन पानांची टिपणं. वेचणीच्या दिवसांत आवाजाच्या फाईलच जास्त उघडल्या जातात. कानात वायर घालून कापूस वेचता येतो, स्क्रीनकडे बघत वेचता येत नाही.

आवाज हीच खरी गुंतवणूक. कॅमेरा मोबाइलचा चालतो, पण कॉलरला लावायचा माइक विकत घ्या. खोलीत आवाज घुमत असेल तर समोरच्या भिंतीवर दोन गोधड्या टांगा. टिनाचं छप्पर असेल तर पावसाळ्यात ध्वनिमुद्रण विसराच. आणि कूलर! मार्चपासून जूनपर्यंत विदर्भातल्या घरात कूलर बंद करणं म्हणजे कुटुंबाशी वैर घेणं. मी पहाटे साडेचार ते साडेसहा ही वेळ धरली आहे. तेव्हा कूलर थोडा वेळ बंद चालतो आणि दळणाची चक्कीही सुरू झालेली नसते. कोंबड्याचं मात्र काही करता येत नाही. माझ्या राष्ट्रीय उत्पन्नाच्या घटकात तो दोनदा आरवला आहे.

सॉफ्टवेअरसाठी पैसे घालू नका. स्क्रीन मुद्रित करायला ओबीएस स्टुडिओ फुकट आहे. मूडल ही शिकवणी-व्यवस्था जगभरातली विद्यापीठं वापरतात, ती आधीच शिकून ठेवली तर मुलाखतीत उपयोग होतो.

एक जुनं दुखणं: कृती देव, शिवाजी, श्रीलिपी अशा फाँटांत टाइप केलेली तुमची जुनी टिपणं विद्यार्थ्याच्या मोबाइलवर गिचमिड दिसतील. सगळं युनिकोडमध्ये आणा. रूपांतर करणारी साधनं आहेत, पण जोडाक्षरं आणि रफार त्यात हमखास बिघडतात. म्हणून एकदा डोळ्यांखालून घाला.

एक घटक कसा बांधायचा

'स्वयं'च्या अभ्यासक्रमाला चार बाजू असतात: व्हिडिओ, वाचायचं साहित्य, स्वाध्याय आणि चर्चामंच. बहुतेक नवखे सगळा जीव व्हिडिओत ओततात. मी उलटीकडून येते. पहिल्यांदा स्वाध्यायाचे प्रश्न लिहिते, मग त्यांची उत्तरं देता येतील एवढीच टिपणं काढते आणि व्हिडिओ सगळ्यात शेवटी. असं केलं की व्हिडिओत फापटपसारा राहत नाही.

उदाहरणादाखल मागणीची लवचिकता घ्या. पुस्तकातली व्याख्या सुरुवातीला नको. मीठ महागलं तरी भाजीत तेवढंच पडतं, पण सांबार महागला की वरण सांबाराविना ताटात येतं. एवढं सांगितलं की अर्धी व्याख्या पोरं स्वतःच करतात. मग आकडे: भाव दहा टक्के वाढला आणि खरेदी वीस टक्के घटली तर लवचिकता किती? मग आलेख, आणि व्याख्या सगळ्यांत शेवटी.

हा घटक मी पहिल्यांदा दिला तेव्हा कोल्हापूरकडच्या एका विद्यार्थिनीने चर्चामंचावर विचारलं, "मॅडम, इडलीबरोबरचं सांबार वरणात का घालता?" आपल्याकडे सांबार म्हणजे कोथिंबीर, हे मी गृहीत धरलं होतं. ऑनलाइन वर्गात विद्यार्थी फक्त दारव्हा-दिग्रसचा नसतो. सांबार मी तसाच ठेवला आहे, फक्त पहिल्यांदा येतो तिथे अर्थ सांगते.

व्हिडिओ आठ ते बारा मिनिटांचा. त्याची संहिता शब्दन् शब्द लिहा. वर्गात पोरांचे चेहरे पाहून आपण सावरून घेतो, इथे चेहरे नाहीत. बोलताना मात्र वाचल्यासारखं बोलू नका. त्यासाठी मी संहिता एकदा घरात मोठ्याने वाचते, आणि जीभ अडखळते ते वाक्य तोडते. स्लाइडवर सहा ओळींच्या वर मजकूर नको आणि अक्षर मोठं हवं. पाहणाऱ्याच्या हातात सहा इंचांचा फोन आहे आणि तोही उन्हात.

इंटरनेटवरून उचललेलं चित्र वापरू नका. त्याचा परवाना तपासा किंवा स्वतः फोटो काढा. बाजार समितीतल्या कापसाच्या गाड्या, रेशन दुकानापुढची रांग, बँकेतली स्लिप भरणारी आजी. अर्थशास्त्राला लागणारं सगळं आपल्या गावात दिसतं. माणसाचा चेहरा येत असेल तर त्याला विचारून घ्या.

वेळापत्रक शेतीच्या कॅलेंडरवर मांडा

विद्यापीठाचं सत्र जुलै आणि जानेवारीत सुरू होतं. विद्यार्थ्याचं सत्र पावसावर ठरतं. भंडारा-गोंदियात जुलै-ऑगस्टमध्ये धानाची रोवणी असते, वऱ्हाडात ऑक्टोबरात सोयाबीन आणि त्यानंतर वेचणी. गडचिरोलीत मे महिन्यात तेंदूपत्ता. पोळ्याच्या आदल्या आणि दुसऱ्या दिवशी कुणी येत नाही. नागपूरकडे दुसऱ्या दिवशी तान्हा पोळा असतो, त्यामुळे तिथले तर नक्कीच नाही. स्वाध्यायाची मुदत या दिवसांत आली की मी ती मागे-पुढे करते. विद्यापीठाने तारीख बांधून दिली असेल तर निदान दहा दिवस आधी आठवण देते. थेट तास रात्री आठनंतर ठेवला तर हजेरी सुधारते. त्या वेळी मालिका असतात, त्यामुळे घरातल्या बायांची मात्र पंचाईत होते. त्यांच्यासाठी आठवड्यातून एक तास दुपारी दोनला.

तपासणी आणि नक्कल

पूर्वी पोरं एकमेकांचं पाहून लिहायची. आता चॅटजीपीटीला विचारतात आणि उत्तर गुळगुळीत मराठीत येतं. पकडण्याच्या सॉफ्टवेअरवर विसंबू नका, मराठीत ते निरपराधालाही पकडू शकतं. प्रश्नच असा काढा की उत्तर गावात जाऊन आणावं लागेल.

माझा एक प्रश्न असा: २०२४-२५ मध्ये लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव क्विंटलला ७,५२१ रुपये होता. तुमच्या ओळखीच्या एका शेतकऱ्याने त्या हंगामात कापूस कुणाला, केव्हा आणि कोणत्या भावात विकला ते विचारा. हमीभावाहून कमी मिळाला असेल तर त्याने तो का घेतला, याची दोन कारणं त्याच्याच शब्दांत लिहा. यावर आलेल्या उत्तरांत ओल्या कापसाची कपात होती, सावकाराचा तगादा होता आणि मुलीच्या लग्नाची तारीख होती. अपूर्ण माहितीच्या बाजारावरचा माझा पुढचा घटक त्या उत्तरांवरच उभा आहे.

शंका असेल तर पाच मिनिटांचा फोन करा आणि त्याने लिहिलेलं एक वाक्य समजावून सांगायला सांगा. ज्याने स्वतः लिहिलं तो बोलत सुटतो.

पैसा, करार आणि कागद

नेहमीची फसगत अशी की मानधन 'प्रति व्याख्यान' सांगितलं जातं आणि आपण हो म्हणतो. मी एकदा वहीत वेळ नोंदवून पाहिला. बारा मिनिटांच्या एका व्हिडिओला वाचन आणि संहिता साडेतीन तास, स्लाइड दोन, ध्वनिमुद्रण दीड, संपादन दोन, प्रश्न आणि टिपणं आणखी दोन. एकूण अकरा तास. सरावाने ते सातवर आले. तुमचा आकडा तुम्ही काढा आणि दर त्या तासांनी भागा. उत्तर पाहून धक्का बसेल, पण मग बोलणी करायला बळ येतं.

एका खासगी संस्थेने माझ्याकडून एका सत्रासाठी व्याख्यानं करून घेतली. पुढची तीन सत्रं तीच व्याख्यानं नव्या विद्यार्थ्यांना दाखवली गेली आणि मला एक पैसा मिळाला नाही. दोष निम्मा माझा, कारण करारावर मी न वाचता सही केली होती. तेव्हापासून चार गोष्टी लेखी घेते: ध्वनिमुद्रण किती सत्रं वापरणार, माझं नाव राहणार का, तपासणीचे पैसे वेगळे की त्यातच, आणि पैसे किती दिवसांत देणार. ईमेलवर आलेलं 'होय'ही चालतं, तोंडी आलेलं चालत नाही.

मानधनातून बहुधा टीडीएस कापला जातो. तुमचं उत्पन्न करपात्र नसेल तर विवरणपत्र भरून तो परत मागता येतो, त्यासाठी प्रत्येक पैशाची नोंद ठेवा. एखाद्या अनुदानित महाविद्यालयात पूर्णवेळ असाल तर बाहेरचं काम घेण्याआधी संस्थेचं ना हरकत प्रमाणपत्र घ्या. कुणी तक्रार केलीच तर तोच कागद पुढे करता येतो.

पूर्णवेळवाल्यांना आणखी एक फायदा आहे. आयोगाच्या २०१८ च्या नियमावलीत, पदोन्नतीला लागणाऱ्या संशोधन गुणांत, चार क्रेडिटचा पूर्ण ऑनलाइन अभ्यासक्रम चारही बाजूंनी तयार केला तर २० गुण, अभ्यासक्रम समन्वयकाला ८ आणि एखाद्या घटकाच्या आशयलेखकाला २ गुण धरले आहेत. सीएचबीवाल्याला या गुणांचा आज काही उपयोग नाही, ही आपली रड जुनीच आहे. तरी प्रमाणपत्रं मागून घ्या आणि प्रत्येक कामाची मुद्रित प्रत फाईलला लावा. पुढे पद मिळालं तेव्हा कार्यालयं बदललेली असतात, बाबू बदललेले असतात आणि जुना पुरावा कुणी शोधून देत नाही.

अर्ज

पदव्यांची यादी सगळ्यांकडे असते. तुमच्या अर्जात आकडे असू द्या: किती घटक लिहिले, किती स्वाध्याय तपासले, किती विद्यार्थ्यांना मार्गदर्शन केलं आणि त्यांपैकी किती परीक्षेला बसले. आकडा लहान असला तरी खरा लिहा. सोबत सात मिनिटांच्या नमुना व्हिडिओचा दुवा, त्याच घटकाची दोन पानं आणि पाच प्रश्न जोडा. प्रात्यक्षिकाच्या वेळी नेट गेलं तर काय, हे पॅनेल मनातल्या मनात विचारत असतं. त्याचं उत्तर तुम्ही आधीच द्या. माझ्या मुलाखतीत खरंच लाईन गेली. मी मोबाइलवरून परत जोडले गेले आणि सात मिनिटांची आवाजाची फाईल तिथल्या तिथे पॅनेलला पाठवली. पुढचे सगळे प्रश्न त्या फाईलवरच झाले.

जुलैच्या सत्रासाठी नेमणुकीच्या हालचाली मे-जूनमध्ये सुरू होतात. तो नमुना होळीच्या आत मुद्रित करून ठेवा. त्यानंतर पहाटेचे ते दोन तास सोडले तर कूलर बंद करायला घरची माणसं तयार होत नाहीत.